निवृत्तिवेतन : आजचे वचन, उद्याचे देणे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



धर्मशाळा असो वा पाठशाळा, ध्रुवफंड अबाधित राखून त्याच्या व्याजातून वार्षिक खर्च भागविण्याची रीत समाजाच्या संस्थांमध्ये रूढ आहे. ध्रुवफंडाला हात लागला की संस्थेचे दिवस भरत आले, हे कोणाही विश्वस्ताला सांगावे लागत नाही. हीच कसोटी शासनाच्या निवृत्तिवेतनास लावली असता काय दिसते, हा आजचा विषय आहे.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य शासनाच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यास निवृत्तीनंतर अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाईभत्ता आणि त्याच्या पश्चात कुटुंबास निवृत्तिवेतन मिळते. यासाठी त्याच्या वेतनातून कपात झाली नाही आणि शासनानेही वेगळा निधी साठविला नाही. ज्या वर्षी रक्कम द्यावयाची, त्याच वर्षाच्या महसुलातून ती द्यावयाची, अशी ही व्यवस्था होय. व्यापाराच्या भाषेत बोलावयाचे तर हे ध्रुवफंडाविना पत्करलेले कायमचे देणे आहे. शासनाचे हिशेब रोकडीच्या पद्धतीने ठेवले जातात. त्यामुळे पुढील तीस वर्षांत जे द्यावयाचे आहे, ते आजच्या खातेवहीत दिसतच नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला पोहोचले आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेली व्यक्ती पंचवीस वर्षे निवृत्तिवेतन घेते, यात आता नवल राहिलेले नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो.

हे ओळखून केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी अंशदानाची पद्धत आणली. कर्मचाऱ्याने वेतनाच्या दहा टक्के भरावयाचे, शासनाने आपला वाटा घालावयाचा आणि साठलेल्या रकमेतून निवृत्तिवेतन घ्यावयाचे. यात निधी उभा राहिला. मात्र किती रक्कम मिळेल याची हमी गेली. बाजाराच्या चढउताराचा भार एकट्या कर्मचाऱ्यावर आला. म्हातारपणी बाजारभाव पाहून जगावयाचे काय, हा त्याचा प्रश्न रास्त होता. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा त्यातूनच उमटली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, जुनी योजना परत आणल्यास १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल व राज्य दिवाळखोरीत जाईल, असे सांगितले. तरीही मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि शासनास समिती नेमावी लागली.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली व लगोलग महाराष्ट्रानेही ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी, आणि कर्मचाऱ्याचे अंशदानही चालू, असा हा मध्यममार्ग आहे. केंद्राच्या योजनेत शासनाचा वाटा साडेअठरा टक्के ठेवलेला आहे.

येथे एक सूक्ष्म धोका आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी रुजू झालेला कर्मचारी २०३५ च्या सुमारास निवृत्त होईल. आज दिलेल्या वचनाचा खरा भार तेव्हा दिसू लागेल. वचन देणारे त्या वेळी सत्तेवर असतीलच असे नाही. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटी रुपयांची महसुली तूट आणि १,३६,२३५ कोटींची राजकोषीय तूट अंदाजिली होती. महसुली तूट म्हणजे नित्याच्या खर्चासाठीही कर्ज काढणे. अशा घरात नवे वचन द्यावयाचे तर त्यासाठीची रक्कम त्याच दिवसापासून बाजूला काढली पाहिजे.

निधी आहे एवढ्यानेही भागत नाही. अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक निवृत्तिवेतन सुरू झाले. तेथे राखीव निधी आहे; तरी वृद्धांची संख्या वाढून जमेपेक्षा खर्च अधिक झाला. हा निधी २०३४ च्या सुमारास संपेल व त्यानंतर ठरलेल्या रकमेच्या सुमारे ८१ टक्केच देता येतील, असा अंदाज तेथील विश्वस्तांनी २०२५ च्या अहवालात दिला. विश्वस्तांनी वेळेवर दिलेला इशारा म्हणजे काय, हे यावरून कळावे.

परंतु हमीचा हा सारा वाद ज्यांना वेतन आहे त्यांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यास, जिनिंगमधील मजुरास, बाजार समितीतील हमालास निवृत्तीची तारीखच नाही. पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धासाठी श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा एक हजारावरून दीड हजार रुपये करण्यात आली. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असावे लागते. तिजोरीत तूट पडते तेव्हा संघटित वर्गाचे देणे थांबत नाही. ओढ बसते ती या मुक्या माणसांना. म्हणूनच तुटीचा प्रश्न हा दयेचाही प्रश्न आहे.

शासनाने काय करावे, हे सांगणे सोपे आहे : प्रत्येक वचनाची भावी रक्कम विधिमंडळापुढे मांडावी, निधी साठवावा आणि ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांचा वाटा आधी राखावा. पण समाजाच्या पेढ्यांचे काय? तीस वर्षे चोपडी लिहिणारा मुनीम, दुकान उघडण्यापूर्वी झाडलोट करणारा नोकर, यांच्या उतारवयासाठी कोणत्या पेढीने ध्रुवफंड ठेवला आहे? अठरा ते चाळीस वर्षे वयाच्या आणि प्राप्तिकर न भरणाऱ्या नोकरास अटल पेन्शन योजनेत घालता येते. साठीनंतर दरमहा एक ते पाच हजारांची हमी त्यात आहे. त्याचा हप्ता मालकाने भरावा, एवढा संकल्प सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक पेढीने केला, तर शासनाला हिशेब विचारण्याचा अधिकार समाजाला खऱ्या अर्थाने प्राप्त होईल.

जय जिनेंद्र.