कडेचा कोन

ग्रीनलँडच्या किनाऱ्यावरील इन्युइट शिकारी समुद्रातून वाहत आलेल्या लाकडांचा सांगाडा बांधीत, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवीत, आणि एका माणसापुरती, वरून झाकलेली चिंचोळी नाव सिद्ध करीत. हीच कयाक. तिच्यात पाणी अडविण्याचे काम कातड्याचे असे. आतील लाकडांच्या कडा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या नाहीत, तरी नावेला त्यापासून भय नसे.

विसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतील हौशी कारागीर ही नाव सीडरच्या पट्ट्यांची बांधू लागले, आणि लाकडाच्या कडेला नवे महत्त्व प्राप्त झाले. पट्टी सुमारे ६ मिलिमीटर जाड आणि २० मिलिमीटर रुंद असते. नाव सुमारे ५ मीटर लांब. साधारण ३० सेंटिमीटरच्या अंतराने आडवे साचे उभारून त्यांवर पट्टीला पट्टी चिकटवीत नेली, की तळाचे कवच तयार होते. मग साचे उलटवून त्यांवरच माथ्याचे कवच बांधावयाचे आणि शेवटी दोन्ही जोडावयाची. या दोन कवचांची जेथे गाठ पडते, ती कड म्हणजे कारागिराची खरी कसोटी होय.

समजा, एखाद्या साच्यापाशी बाजू आणि माथा यांच्यामध्ये १२० अंशांचा कोन आहे. दोन्ही कडा काटकोनातच ठेवल्या, तर त्या आतल्या बाजूस तेवढ्या टेकतील आणि बाहेर ६ मिलिमीटरची फट पडेल. ती मिटविण्यासाठी प्रत्येक कड ३० अंशांनी तिरपी तासली पाहिजे. हे गणित शाळकरी मुलालाही सुटेल. परंतु पुढच्या साच्यांपाशी हा कोन पालटत जातो. तो १४० अंश झाला, की २० अंशांचाच उतार पुरतो. म्हणजे एकच माप सबंध कडेला लागू पडत नाही.

म्हणून कारागीर प्रत्येक साच्यापाशी पट्टीचा एक तुकडा माथ्याच्या रेषेत धरून पाहतो. फटीतून उजेड दिसला, की लहान रंध्याने थोडे तासतो आणि तुकडा पुन्हा लावून पाहतो. अशा खुणा सर्व साच्यांपाशी झाल्या, म्हणजे लांब, हलक्या हाताने रंधा फिरवून एका उतारातून दुसरा उतार काढीत नेतो. येथे उतावीळपणा चालत नाही. रंधा अधिक खोल गेला, तर कडेची रेषा तेथे खचते आणि दुरूनही डोळ्यांत भरते. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. फटीत एपॉक्सीचा लगदा भरता येतो खरा. पण वजन वाढते आणि व्रण राहतो.

कवचे जोडल्यावर सांध्याच्या आतून काचतंतूंच्या कापडाची पट्टी एपॉक्सीने बसवितात. त्यासाठी काठीला कुंचला बांधून बैठकीच्या तोंडातून आत घालावा लागतो. टोकांपर्यंत हात पोहोचत नाही, नजरही जेमतेमच पोहोचते. तेथे चूक सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते.

पुढे समुद्रात लाट माथ्यावरून जाते, तेव्हा आत बसलेल्या माणसाला हा सांधा दिसत नाही. रंधा हाती असताना जे तासले गेले, त्याच्याच भरवशावर तो पुढचे वल्हे मारतो.