मंडप कुठं घातलाय ते आधी बघा

वेळ थोडा आहे, तेव्हा लिनक्स म्हणजे काय, एक्स विंडो म्हणजे काय, यात मी शिरत नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर व्हीसीएक्सएसआरव्ही नाहीतर सिग्विनचा एक्स सर्व्हर ठेवून पलीकडच्या लिनक्स मशीनवरच्या खिडक्या इकडं उघडणारी जी मंडळी ऐकत असतील, त्यांच्याशी बोलतोय. त्यांची तक्रार ठरलेली असते. "हातानं लावला की सुरू होतो, मशीन सुरू होताना आपोआप मात्र होत नाही."

माझं म्हणणं ऐका. पुष्कळदा तो सुरू झालेला असतो. तुमच्या पडद्यावर नसतो, एवढंच.

लग्नाचा मंडपवाला डोळ्यांपुढं आणा. एक्स सर्व्हर म्हणजे हा मंडपवाला. एक्सटर्म, जीव्हिम वगैरे प्रोग्राम म्हणजे वऱ्हाड. आणि डिस्प्ले नावाचं ते व्हेरिएबल म्हणजे पत्रिकेवरचा पत्ता. आता तुम्ही टास्क शेड्युलरमध्ये मंडपवाल्याला वर्दी देता. तिथं दोन पर्याय एकाखाली एक असतात. 'रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन' हा पहिला, 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' हा दुसरा. दुसरा वाचला की वाटतं, हा जास्त खात्रीचा, कोणी घरी असो-नसो काम होणार. पासवर्ड देऊन मोकळे होता. इथंच घात होतो.

विस्टा आल्यापासून विंडोजनं सर्व्हिसेससाठी सेशन झिरो नावाची स्वतंत्र जागा राखून ठेवली आहे. माणसं लॉगिन करतात ती सेशन एकपासून पुढं. दुसरा पर्याय निवडलात की तुमचं काम त्या सेशन झिरोत जातं. म्हणजे मंडपवाला पहाटेच येतो आणि कुलूपबंद गोदामात मंडप घालतो! झालर लागते, दिवे लागतात. पत्त्यावर वऱ्हाड पोचतं, आत जाऊन बसतंसुद्धा. म्हणूनच एक्सटर्म कसलीही चूक दाखवत नाही, नुसता गप्प राहतो. यजमान इकडं रिकाम्या अंगणात उभे. मग ते वैतागून दुसरा मंडपवाला बोलावतात, म्हणजे सर्व्हर पुन्हा हातानं लावतात, आणि तो सांगतो, या नंबरावर आधीच कोणीतरी आहे.

पुन्हा सांगतो, कारण हे नेमकं निसटतं. डिस्प्ले सर्व्हर ही सर्व्हिस नव्हे. त्याला लॉगिन झालेल्या माणसाचा डेस्कटॉप लागतो. आधी माणूस, मग मंडप.

खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये जा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून सेशन आयडी हा रकाना आणा. आपल्या सर्व्हरच्या ओळीत 0 दिसला की समजा, मंडप गोदामात आहे.

उपाय साधा आहे. एक्सलाँच चालवा, हवं ते निवडा, शेवटच्या पानावर 'सेव्ह कॉन्फिगरेशन' म्हणा. ती फाइल उचला. विंडोज आणि आर ही बटणं दाबून 'शेल कोलन स्टार्टअप' असं टाइप करा आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये ती ठेवा. आता लॉगिन झाल्यावरच सर्व्हर उठेल. शेड्युलरच हवा असेल तर पहिला पर्याय, आणि ट्रिगर 'ॲट लॉग ऑन'. पण मग तिथल्या आणखी दोन खुणा बघा. 'कंडिशन्स'मध्ये चार्जर लावलेला असेल तरच काम सुरू करा, अशी खूण मुळातच केलेली असते. बॅटरीवर लॅपटॉप उघडणारे बिचारे इथं फसतात. आणि 'सेटिंग्ज'मध्ये 3 दिवसांहून जास्त चाललं तर काम थांबवा, अशीही एक आहे. सर्व्हर दर चौथ्या दिवशी का मरतो, म्हणून लोक अँटिव्हायरसला शिव्या घालत बसतात!

डब्ल्यूएसएल-2 वाल्यांनो, तुमचं नेटवर्क वेगळं असतं, तेव्हा लोकलहोस्ट हा पत्ता सहसा चालत नाही. आणि फायरवॉलनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा पब्लिक नेटवर्कला नकार दिला असेल, तर वऱ्हाड वेशीवरच अडतं. 'डिसेबल ॲक्सेस कंट्रोल'ची खूण सरसकट करावी का, हा खरं तर वेगळ्या भाषणाचा... असो, काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत.

सिग्विनवाल्यांसाठी एवढंच. वीज जाऊन मशीन धाडकन बंद पडलं की टेंप फोल्डरात जुन्या सर्व्हरची लॉक फाइल कधी कधी राहून जाते, आणि नवा सर्व्हर जागा भरलेली समजून माघारी फिरतो. जुना खरोखर चालू नाही हे बघून ती काढून टाका. आणि विंडोज 11 वर फक्त डब्ल्यूएसएलच वापरत असाल, तर डब्ल्यूएसएलजी सोबतच येतं. मग वेगळा सर्व्हर कशाला पोसायचा?

एवढं करूनही अडलं तर जरूर कोणाला तरी विचारा. पण फोन लावण्याआधी तो सेशन आयडीचा आकडा तेवढा लिहून ठेवा.