खणांचे घर

घराचे वय भिंतींवरून मोजू नये, खांबांवरून मोजावे, असे आमच्याकडील जुने मिस्त्री सांगत असत. या सांगण्यात किती तथ्य आहे हे मला फार उशिरा, आणि बरेच नुकसान सोसून, कळले. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या लाकडी घरांविषयी आज मी बोलणार आहे, ते त्या अनुभवामुळेच.

लाकडी घर म्हटले म्हणजे कित्येकांच्या डोळ्यांपुढे नॉर्वे किंवा रशिया येथील ओंडक्यांची घरे उभी राहतात. त्या देशांत सरळ वाढणारी सूचिपर्णी झाडे विपुल. सबंध ओंडका आडवा ठेवावयाचा, टोकांस खाचा पाडावयाच्या आणि एकावर एक ओंडके रचून कोपरे गुंतवीत जावयाचे, अशी तेथील रीत. तेथे लाकूड हीच भिंत, आणि कडक थंडीत तीच ऊबही देते. आपल्या कृष्णाकाठची गोष्ट निराळी. येथे काळा दगड पायाखालीच आहे आणि पांढरी माती गावोगाव आहे. पण उत्तम साग पुष्कळदा कोकणातून घाट चढवून, नाही तर दक्षिणेकडील दांडेलीच्या रानांतून आणावा लागे. महाग वस्तू जपून वापरावी, या न्यायाने आमच्या सुतारांनी लाकूड आडवे रचले नाही; ते उभे केले. ओझे वाहण्याचे काम तेवढे लाकडाकडे दिले आणि ऊन, वारा व परकी नजर अडविण्याचे काम दगडमातीकडे सोपविले.

लाकडाची ही किंमत राज्यकर्त्यांसही ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी एक प्रसिद्ध प्रकरण आहे. साग वगैरे रानातील झाडे परवानगीने तोडून आणावीत. आंबा, फणस यांना मात्र हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात, असा त्याचा आशय आहे. लाकूड म्हणजे साठलेली वर्षे, ही जाणीव त्यात दिसते.

आता घराची रचना पाहू. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात. तो साधारण पाच फुटांचा. घर किती मोठे, असे विचारले तर पूर्वी कोणी चौरस फूट सांगत नसे. सोपा आठ खणांचा, माजघर सहा खणांचे, असे सांगत. भावाभावांच्या वाटण्यादेखील खणांवर होत. खांब जमिनीत कधी पुरीत नाहीत. तो तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडाच्या बैठकीवर, उभा असतो. त्यामुळे जमिनीची ओल लाकडास शिवत नाही. खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. यालाच आपण कडीपाट म्हणतो. हे सारे लोखंडी खिळ्यावाचून जुळविता येते. एका लाकडास कुसू काढावयाचे, दुसऱ्यात नेमकी त्याच मापाची खाच पाडावयाची आणि लाकडाचीच खुंटी ठोकून सांधा पक्का करावयाचा. वाकस, रंधा, पटाशी, सामता, गुण्या आणि ओळंबा, एवढ्या हत्यारांवर ही विद्या उभी होती.

या विद्येचा थाट पाहावयाचा असेल तर वाईजवळ मेणवलीस जावे. नाना फडणिसांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णेच्या काठी बांधलेला वाडा तेथे आहे. एकामागून एक येणारे चौक, सागाचे खांब, भिंतींवरील चित्रे, आणि मागे नदीत उतरणारा घाट. फलटणच्या राजवाड्यातील लाकूडकामही असेच मन गुंतविणारे आहे. सुरूच्या झाडाच्या घाटाचा खांब, त्याच्या माथ्यावरचे केळफूल, दोन खांबांमधील महिरप, ही सारी शोभा खरी. पण शोभेच्या मागे तोच साधा हिशेब आहे, खांब, हस्त, तुळई, कडी. गरिबाच्या चार खणांच्या घरात कोरीवकाम नसेल, बाभळीचा वा जांभळीचा वाकडा खांब असेल. हिशेब मात्र तोच.

छप्पर तेवढे पावसाप्रमाणे बदलते. महाबळेश्वरी वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस. तर माण, आटपाडी, जत या भागांत वीस इंचही कठीण. म्हणून जावळी-पाटणकडे उतरती, कौलारू वा गवती छपरे, आणि पूर्वेकडे सपाट मातीचे माळवद. माळवदाखाली उन्हाळा सुसह्य होतो. पण त्यात एक धोका आहे. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी नवी माती चढवितात, जुनी मात्र उतरवीत नाहीत. पिढीगणिक ओझे वाढत जाते.

या ओझ्याची आणि सांगाड्याची परीक्षा भूकंपाने घेतली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कोयनेस भूकंप झाला, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्यात किल्लारीस. दोन्हीकडे मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंतींनी माणसांचे प्राण घेतले. किल्लारीकडील माळवदांवर मातीचे थर कोठे कोठे दोन-दोन फूट जाड होते. तरीही पाहणी करणाऱ्यांना असे आढळले की, भिंती ढासळल्यावरही अनेक घरांचे लाकडी सांगाडे उभेच होते. लाकूड हलते, वाकते, पण सांधा सहजी सोडीत नाही. दोष लाकडाचा नव्हता. त्याच्या डोक्यावर लादलेल्या मातीचा आणि बाजूच्या कच्च्या भिंतीचा होता.

लाकडाचा खरा वैरी अग्नी. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला तेव्हा दगडी तट आणि जोती तेवढी उरली. आमच्या भागाची जखम याहून ताजी आहे. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत या मुलखातील कित्येक वाडे भस्मसात झाले. आगीत गेलेले लाकूड परत येत नाही, आणि त्या घरांतून निघून गेलेली पुष्कळ कुटुंबेही परतली नाहीत.

आता माझ्या नुकसानीची हकीकत. आमचे कृष्णाकाठचे घर बारा खणांचे. घर बळकट करावे या हौसेने तीस वर्षांपूर्वी मीच सोप्याची शेणाने सारवलेली जमीन काढून सिमेंटचा कोबा घातला, आणि तो खांबांच्या बुडाशी चांगला चार बोटे वर चढविला. सर्वांनी वाखाणले. पण पूर्वी जमिनीची ओल सारवणातून उडून जाई. आता तिला वाट उरली नाही. ती लाकडातून चढू लागली, आणि मागोमाग वाळवी आली. आजोबांनी बिब्ब्याचे तेल पाजलेले, शंभर वर्षे ताठ उभे असलेले खांब मी माझ्या हाताने कुजविले.

पुढे भावंडांत घर विकावयाचे ठरले. जुने लाकूड घेणारा व्यापारी आला आणि दोन तासांत साऱ्या घराचे घनफूट मोजून मोकळा झाला. मी एका वृद्ध मिस्त्रींना बोलावून विचारले, “तात्या, यातले काही वाचेल का?”

त्यांनी प्रत्येक खांबावर बोटांनी टिचकी मारून पाहिली. मग म्हणाले, “अण्णा, हे घर पाडू नका. पाडायला घर कुणीही पाडील. हे उतरवून घ्यायचे असते.”

पुढे आठ दिवस ते खुंट्या काढीत होते. सांधे उकलले तसतशी कुसवांवर पटाशीने मारलेली चिन्हे दिसू लागली. कोठे एक रेघ, कोठे दोन, कोठे तीन. ज्या अनाम सुताराने हे घर जोडले त्याने कोणते लाकूड कोठे बसते याची खूण सांध्याच्या आत करून ठेवली होती. तात्या काही वेळ ती नुसती पाहत बसले. “आपल्यासाठीच ठेवलीय त्यांनी,” एवढेच म्हणाले.

बारांपैकी पाच खण वाचले. बुडाशी कुजलेले खांब हातभर कापले, तळखड्यांखाली तेवढीच उंच दगडी बैठक दिली, आणि ते पाच खण आज माझ्या धाकट्या भावाच्या मळ्यात उभे आहेत. उरलेले सात खण व्यापाऱ्याच्या गाडीत चढले. त्यांची मला लाज वाटते, आणि ती वाटावी हेच योग्य.

श्रोतेहो, सर्वच जुनी घरे राहतील असे मी म्हणत नाही. कुटुंबे वाढली, गरजा पालटल्या. पण ज्यांच्या घरी असे चार खण अजून उभे असतील त्यांनी एवढे अवश्य करावे. तळखडा उघडा ठेवावा. सिमेंट त्याच्या वर चढवू नये. माळवदावर नवी माती टाकण्यापूर्वी जुनी उतरवावी. विजेच्या जुन्या तारा लाकडावरून नेलेल्या असतील तर त्या तपासून घ्याव्यात. आणि घर मोडणे अटळच झाले, तर आधी त्याचा कागदावर आराखडा काढावा, प्रत्येक लाकडास क्रमांक द्यावा आणि जाणत्या हातांकडून ते उतरवून घ्यावे. ज्याने सांध्याच्या आत आपल्यासाठी खूण ठेवली, त्याची खूण निदान एकदा वाचून पाहणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.