ओळखीची खूण



नीराकाठच्या ह्या निरवांगीत ख्रिस्ताच्या शिष्यत्वावर बोलताना मी कोणाला धर्म शिकवायला आलेलो नाही. येशूने आपल्या शिष्यांसाठी एक परीक्षा ठेवली, आणि परीक्षक म्हणून नेमले ते बाहेरच्या माणसांना, म्हणजे तुम्हांआम्हांला, एवढेच माझे म्हणणे आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पाहा. शेवटच्या रात्रीचे जेवण. गुरूने कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. यहूदा दगा द्यायला बाहेर पडलेला. कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्र ओळख नाकारणार. अशा पंगतीत तो सांगतो, की तुमची एकमेकांवर प्रीती दिसली म्हणजे जग तुम्हांला माझे म्हणून ओळखील. गळ्यातल्या माळेवरून आपल्याला वारकरी कळतो. ही खूण मात्र ज्याची त्याला अंगावर घालून मिरवता येत नाही. ती दुसऱ्यालाच दिसावी लागते.

ही परीक्षा खरोखर घेणारी एक बाई आपल्याच जिल्ह्यात राहून गेली. पंडिता रमाबाई. आईबाप आणि बहीण दुष्काळाच्या उपासमारीत गेलेली, पुढे भाऊ गेला, नवरा गेला. 1883 साली त्या इंग्लंडात गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी 'पतित' म्हणून टाकलेल्या बायांना मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. हे कशासाठी, असे विचारले, तेव्हा त्यांना येशूची आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकवण्यात आली. वादविवादात भल्याभल्यांना न आटोपणारी ही विदुषी तिथे विरघळली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने बाप्तिस्मा घेतला.

मग परीक्षा द्यायची पाळी त्यांची आली. शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, म्हणून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले; रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो आक्षेप मला पोकळ वाटत नाही. जिच्या पोटात अन्न नाही, तिला नाही म्हणण्याची ताकद कुठून येणार? प्रीतीच्या पदराला धर्मांतराची गाठ असली, तर परीक्षकाने ती चाचपून पाहिलीच पाहिजे.

पण चाचपताना केडगावही पाहावे. 1896-97 च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात हिंडल्या आणि शेकडो अनाथ मुली घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजराती मुलींची भर पडली. वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी खोदल्या, माग बसवले, छापखाना चालवला. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली. दुष्काळी गावच्या माणसाला सांगायला नको, की दोन हजार तोंडांना रोज दोन वेळा घालणे म्हणजे काय. आणि अन्न घालणे त्यातल्या त्यात सोपे हो! वेगळ्या जातीच्या, वेगळ्या बोलीच्या, भुकेने हिसकावून खायला शिकलेल्या पोरींनी एकमेकींना सांभाळायचे, हे अवघड. येशूने खूण सांगितली ती नेमकी तिथली. परक्यावर दया करणे जमते. शेजारच्या पाटावरच्या माणसाचे पाय धुणे जमत नाही. आपल्या भावकीत तरी कुठे जमते?

1921 साली मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला बाई गेल्या. मुक्तिमिशन केडगावला आजही आहे. दौंडहून पुण्याला जाताना वाटेत स्टेशन लागते. उतरून पाहावे. पाट्या वाचू नयेत. तिथल्या बाया एकमेकींशी कशा बोलतात, तेवढे ऐकावे.