बंदुकीचा हिशेब
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवी माणसानं आकडेवारीवर बोलावं, हे जरा विचित्रच. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. गणिताशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला, आणि तो संपल्याचं दुःख दोघांपैकी कुणालाच झालं नाही. तरी गेले काही महिने मी एकाच विषयाचे आकडे वाचत बसलो आहे. बंदुकीनं मरणाऱ्या माणसांचे आकडे. त्याला कारण घरातलंच आहे.

माझी एक भाची अमेरिकेत, ओहायो राज्यात राहते. मिरजेत वाढलेली मुलगी. नवरा संगणकाच्या कामात, दोन मुलं, त्यातला मोठा पंधरा वर्षांचा. त्यांच्या गल्लीत एक घर फुटलं. शेजाऱ्यानं लगेच सल्ला दिला की घरात पिस्तूल ठेवा. जावयालाही ते पटलं. एका रात्री भाचीचा फोन आला. म्हणाली, ‘‘मामू, इथं बंदूक घेणं म्हणजे बाजारात जाऊन मिक्सर आणण्याइतकं सोपं आहे. हे म्हणतात, घरात एक असलेली बरी. तुम्ही काय म्हणता? आणि हे बघा, कविता नका सांगू.’’

कविता सांगायची नाही म्हटल्यावर माझ्याकडे उरतं काय? म्हणून आकडे शोधायला लागलो.

बंदूक आणि अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? एखादी शाळा, एखादा मॉल, माथेफिरू, धावणारी मुलं. वर्तमानपत्रांत तेवढंच येतं. आता तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेची, म्हणजे सीडीसीची नोंद पाहा. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यांतले खून २०,९५८. आणि आत्महत्या २६,३२८. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसांच्या बाबतीत गोळी झाडणारा आणि मरणारा एकच होता. पुढच्या दोन वर्षांत खून कमी झाले, आत्महत्या उलट थोड्या वाढल्या. २०२३ मध्ये त्या २७,३०० होत्या. ज्या सामूहिक गोळीबारांची बातमी मिरजेपर्यंत पोहोचते, त्यांतले बळी या सगळ्यांत शंभरात एखाद-दुसरा. सामूहिक कशाला म्हणायचं, यावर तो आकडाही हलतो. चार जणांना गोळी लागली की एक संस्था ती घटना मोजते, आणि तिच्या यादीत २०२१ साली सहाशेच्या वर घटना आल्या. दुसरा एखादा मोजणारा सार्वजनिक जागीच झालेल्या आणि जास्त बळी गेलेल्या घटना धरतो. त्याची यादी हाताच्या बोटांवर येते. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नाही. व्याख्या वेगळी, एवढंच.

मी जास्त थांबलो तो आत्महत्येच्या आकड्यापाशी. आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं की ज्याला मरायचंय तो मरतोच. बंदूक नाही तर दुसरं काही. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. आकडे मात्र वेगळं सांगतात. इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक शुक्रवार-शनिवारी सुट्टीला घरी जाताना आपली रायफल बरोबर नेत. २००६ साली नियम बदलला, बंदूक छावणीतच ठेवायची असं ठरलं. पुढं त्या वयाच्या सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. त्यातली खुबी अशी की घट झाली ती सुट्टीच्या दिवसांत. इतर दिवसांचा आकडा फारसा हललाच नाही. ज्यांनी बंदुकीवाचून तो क्षण काढला, ते रविवारी पुन्हा कामावर हजर झाले. स्वित्झर्लंडनं २००३-०४ च्या सुमारास आपलं सैन्य जवळपास निम्मं केलं. घरोघरच्या लष्करी बंदुका कमी झाल्या, आणि सैन्याच्या वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्याही कमी झाल्या.

आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या श्रोत्यांना यातलं मर्म लगेच कळेल, कारण तिथं बंदुकीच्या जागी कीटकनाशकाचा डबा असतो. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, आणि दहा वर्षांत तिथला आत्महत्येचा दर निम्म्यावर आला. माणसांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. हाताशी असलेलं साधन तेवढं बदललं होतं. मरणाची लाट बहुतेक वेळा थोड्या वेळाची असते. बंदूक ती लाट ओसरू देत नाही. बंदुकीनं केलेल्या प्रयत्नात दहांपैकी आठ-नऊ जण वाचत नाहीत. इतर बऱ्याच मार्गांनी प्रयत्न करणारे बहुतांश जण वाचतात. आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येनं मरत नाहीत.

कॅलिफोर्नियात सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदी बारा वर्षं पाहिल्या गेल्या. तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचा स्वतःच्या गोळीनं मरण्याचा धोका न बाळगणाऱ्यांच्या आठपट निघाला, स्त्रियांचा पस्तीसपट. त्याच मंडळींनी पुढं दुसरा प्रश्न विचारला: स्वतःकडे पिस्तूल नाही, पण ज्याच्याकडे आहे त्याच्याबरोबर एका छताखाली राहणाऱ्यांचं काय? त्यांचा खून होण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. नवरा किंवा जोडीदाराच्या गोळीनं घरात मेलेल्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. चोरासाठी आणलेली बंदूक घरातल्यांवरच चालली.

इथं एक शंका रास्त आहे. ज्याच्या जिवाला आधीपासूनच धोका आहे, तोच बंदूक घेत असेल, तर मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? अभ्यासकही यावर भांडतात, आणि भांडावंच. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी मोजूनही बाण एकाच दिशेला वळत असेल, तर मी त्या दिशेला पाहीन. भाचीला मी हेच आकडे वाचून दाखवले आणि एवढंच विचारलं, ‘‘पोरगा पंधरा वर्षांचा आहे ना? परीक्षेत नापास झाला तर तो कुठल्या खोलीत जाऊन बसतो?’’ ती बराच वेळ बोलली नाही. पुढच्या आठवड्यात जावयानं मागच्या दाराला नवं कुलूप बसवलं आणि अंगणात दिवा लावला.

आता देशादेशांकडे येऊ. इथं पहिली खबरदारी ही की नुसता आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही, लोकसंख्येनं भागून ठेवायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये गोळीनं होणारे खून वर्षाला साधारण तीसच्या आसपास. तिथली वस्ती सहा कोटी, अमेरिकेची तेहतीस कोटी. म्हणजे इंग्लंडला अमेरिकेएवढं मोठं धरलं, तरी हिशेब दीडशे-पावणेदोनशेवर जातो. अमेरिकेत २०२१ साली ते वीस हजारांच्या वर होते. शंभरपटीहून जास्त! माथेफिरू माणसं काय तिथं शंभरपट जन्मतात? राग, दारू, बेकारी, घटस्फोट सगळीकडेच आहेत. पण ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हाच्या संस्थेच्या अंदाजानं २०१७ साली अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे ३९ कोटींच्या वर बंदुका होत्या. माणसांपेक्षा बंदुका जास्त असलेला दुसरा देश त्या यादीत नव्हता.

लगेच सूत्र मांडायची घाई मात्र नको. जपानमध्ये गोळीबाराच्या गुन्ह्यांत मरणारे बहुतेक वर्षी दहाच्या आत असतात. २०२२ साली माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली तीही घरी बनवलेल्या बंदुकीनं. पण त्याच जपानमध्ये २०२४ साली वीस हजारांहून जास्त आत्महत्या झाल्या. बंदूक नसली म्हणून दुःख संपत नाही. उलट ब्राझील, मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला, ग्वाटेमाला यांच्याकडे माणशी बंदुका अमेरिकेपेक्षा खूप कमी, तरी तिथं खुनांचा पूर. टोळ्या, अमली पदार्थांचा धंदा, पोलिसांवर नसलेला विश्वास हे सगळं त्यात येतं. २०१६ साली जगात युद्धाबाहेर बंदुकीनं अंदाजे २ लाख ५१ हजार माणसं मेली. त्यांतली निम्मी हे पाच देश आणि अमेरिका अशा सहाच देशांतली होती.

काळाचा हिशेबही असाच फसवा. १९९० साली हाच जागतिक आकडा २ लाख ९ हजार होता. म्हणजे मरणं वाढली? हो, वाढली. पण लोकसंख्या त्याहून जास्त वाढली, म्हणून लाखामागचा दर कमी झाला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. कुणी कुठलं वाक्य निवडलं, यावरून त्याला काय विकायचंय ते कळतं. अमेरिकेत २०२१ चा आकडा तोवरचा सर्वांत मोठा होता. पण लाखामागे पाहिलं तर १४.६, आणि १९७४ साली तो १६.३ होता. बंदुकीनं होणाऱ्या खुनांचा दर १९९३ साली शिगेला पोचला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत जवळपास निम्म्यावर आला. २०२०-२१ मध्ये तो पुन्हा उसळला.

कधी कधी अख्खं वर्ष एका दुपारीच मोडतं. १५ मार्च २०१९, न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च, जुम्मे की नमाज. दोन मशिदींत मिळून ५१ जण गेले. त्यांत आपल्या गुजरात, केरळ, हैदराबादचेही होते. एरवी त्या देशात वर्षभरात गोळीनं खून होतात, त्याच्या कितीतरी पट एका दुपारी. आलेख काढला तर २०१९ वर एकटाच मिनार उभा राहतो. जी रांग मी दर शुक्रवारी पाहतो, ती आलेखात कशी दिसते, हे मला तेव्हा कळलं. तिथल्या सरकारनं महिन्याभरात लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी घातली.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण सगळे देतात. १९९६ साली पोर्ट आर्थर इथं ३५ जण मारले गेले, आणि सरकारनं सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. आधीच्या अठरा वर्षांत पाच किंवा जास्त बळी घेणारे तेरा गोळीबार झाले होते. पुढची बावीस वर्षं तसा एकही नाही. टीकाकार म्हणतात की बंदुकीचे मृत्यू तिथं आधीपासूनच घटत होते, आणि ते खोटं नाही. २०१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात एकाच कुटुंबातले सात जण गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर पंधरा जणांचा बळी गेला. कायद्यानं शून्य येत नाही. तेरा आणि दोन यांत फरक आहे, एवढं मात्र कुणालाही दिसेल.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल, तर मोजूच न देण्याचा. १९९३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याची शक्यता पावणेतीन पटीच्या आसपास, असा त्याचा निष्कर्ष. बंदूकवाल्यांची संघटना खवळली. १९९६ साली डिकी नावाच्या खासदाराच्या दुरुस्तीनं बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी सीडीसीनं पैसा वापरू नये असं ठरलं, आणि बजेटमधून नेमके २६ लाख डॉलर उचलले गेले. आधीच्या वर्षी बंदुकीच्या जखमांच्या संशोधनावर तेवढेच खर्च झाले होते! कायद्यानं संशोधनावर बंदी नव्हती. पण इशारा समजायला शहाण्याला कायदा लागत नाही. वीसहून जास्त वर्षं ते काम जवळपास ठप्प झालं. याच डिकी साहेबांनी २०१२ साली जाहीर लेख लिहून म्हटलं की संशोधन व्हायला हवं. सरकारी पैसा पुन्हा मंजूर झाला तो २०२० च्या अर्थसंकल्पात, अडीच कोटी डॉलर. तिथलंच आणखी एक सांगतो. गुन्ह्यात सापडलेली बंदूक कुणी विकत घेतली होती, हे शोधणारं सरकारी केंद्र वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला आहे. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात मालकाच्या नावानं शोधता येईल अशी संगणकीय यादी ठेवायला कायद्यानं मनाई. बंद पडलेल्या दुकानांची लाखो कागदं खोक्यांतून येतात आणि माणसं ती पान पान उलटून पाहतात. आपल्या तलाठी कार्यालयाची आठवण व्हावी!

हसून झालं असेल तर आता आपल्याकडे पाहू. भारतात नागरिकांकडे ७ कोटींच्या वर बंदुका असाव्यात आणि त्यांतल्या एक कोटीहूनही कमी नोंदलेल्या, असा त्याच जिनिव्हाच्या संस्थेचा अंदाज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग बंदुकीनं झालेल्या खुनांचा वेगळा तक्ता छापतो, आणि त्यात बहुतांश खून विनापरवाना हत्यारांनी, म्हणजे मुंगेरपासून गावोगाव बनणाऱ्या कट्ट्यांनी होतात. पण २०१६ च्या ज्या जागतिक अभ्यासाचा उल्लेख मी केला, त्यात भारतातले बंदुकीचे मृत्यू सुमारे २६,५०० धरले आहेत. पोलिसांच्या तक्त्यातले खून चार आकड्यांतच संपतात. आत्महत्या आणि अपघात मिळवले तरी दरी मोठीच राहते. यांतलं खरं कुठलं? २०२० साली देशात नोंदलेल्या दर शंभर मृत्यूंपैकी साडेबावीस मृत्यूंनाच डॉक्टरानं लिहिलेलं कारण होतं. उरलेल्यांचं कारण जिनिव्हात किंवा अमेरिकेत बसलेला कुणी संगणकावर अंदाजानं भरतो. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात मात्र ती रकाना कोरीच असते.