व्हॅनिश इनटू थिन एअर : कुठे वापरायचं, कुठे नाही

आजचा वाक्प्रचार आहे ‘व्हॅनिश इनटू थिन एअर’. यातलं ‘थिन’ म्हणजे बारीक नव्हे, विरळ. एखादी व्यक्ती किंवा वस्तू अचानक, काही माग न ठेवता नाहीशी होणं, असा याचा अर्थ. आत्ता टेबलावर किल्ली होती, कुणी हात लावला नाही, तरी नाही! तिथे हा वाक्प्रचार चपखल बसतो.

हा शेक्सपिअरचा म्हणून सांगतात, ते निम्मं खरं आहे. ‘ऑथेल्लो’त हवेत नाहीसं व्हायला सांगितलंय, पण ती हवा विरळ नाही. विरळ हवा येते ‘द टेम्पेस्ट’मध्ये, प्रॉस्पेरोच्या तोंडी. आपण वापरतो ती नंतर झालेली जोडणी.

मराठीत काय म्हणाल? पोबारा करणं, सुंबाल्या करणं, पसार होणं हे पटकन सुचतं. पण हे सगळे पायांनी पळतात ओ! किल्ली कशी पोबारा करेल? गाशा गुंडाळणाऱ्याची तर आधी तयारी असते. मला जवळचं वाटतं ते कापरासारखं उडून जाणं. उघड्या डबीतला कापूर वितळत नाही, घन होता तो थेट वायू होतो. तळाला ओलसुद्धा राहत नाही.

आता आपल्या सोलापूरकडे या. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. काही क्षणांत गेली. मग ‘द चिमनी व्हॅनिश्ड इनटू थिन एअर’ म्हणायचं का? नाही. का पाडली, विमानतळाचा वाद काय होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अचानक हवं, आणि कुठे गेलं ते न कळणंही हवं. दोन्ही हवं.

म्हणूनच निबंधात कुणी ‘सोलापूरच्या गिरण्या व्हॅनिश्ड इनटू थिन एअर’ लिहिलं की मी लाल पेन काढतो. व्याकरण बरोबर असतं, पण वाक्य खोटं असतं. जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली. १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वकिलीची मुलं ते आजही वाचतात. मिल पुढे पुन्हा चालली, पुन्हा बंद पडली. इतका कागद मागे ठेवून कुणी हवेत विरतं का? ज्यांच्या घरातला पगार थांबला त्यांना तर तारीखसुद्धा पाठ असते. अशा ठिकाणी सरळ ‘वेअर क्लोज्ड’ लिहा. मग ‘कुणी बंद केल्या?’ हा प्रश्न तरी विचारता येतो.

उलट अर्थाने ‘आउट ऑफ थिन एअर’ म्हणतात, म्हणजे कुठूनतरी अचानक प्रकट होणं. त्यावर पुढच्या भागात बोलू. तोवर तुमची दोन वाक्यं पाठवा, पण किल्ली सोडून!