मुस्तफाचा बोर्ड आणि पाच व्होल्ट

आज कोडिंग नाही, आज सोल्डरिंग. जे इयरफोन घरी विसरलेत त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून काढलाय.

मी कोपरखैरण्यात वाढलो. तीन टाकीजवळ माझ्या मामांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. चार मशिनं, एक ट्यूबलाइट आणि शाळा सुटली की दाराशी दप्तरांचा ढीग. सगळ्यात जास्त गर्दी 'मुस्तफा'ला. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा १९९३ चा गेम. पण ते नाव आपल्याकडे कोण घेतं? चार पात्रांपैकी धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा सगळ्यांना आवडला आणि अख्खा गेमच त्याच्या नावावर झाला.

मी चौथीत असताना पार्लर बंद पडलं. मशिनं भंगारात गेली, एक बोर्ड तेवढा मामांनी माळ्यावर ठेवला. यंदा घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा मामींनी ठणकावून सांगितलं, "रविवारी भंगारवाला येतोय, त्याच्या आत काय ते बघा." मी म्हटलं, "मामा, द्या माझ्याकडे. चालू करून दाखवतो." बीटेक झालोय ना.

बोर्ड अर्थातच नकली. पण गंमत बघा. या गेमच्या असली बोर्डात एक बॅटरी असते. ती संपली की तिच्या जिवावर टिकलेली माहिती पुसली जाते आणि बोर्ड नीट चालत नाही. नकली बनवणाऱ्यांनी ती भानगडच काढून टाकली. त्यामुळे माळ्यावर एवढी वर्षं पडलेल्या या बोर्डाला निदान बॅटरी संपल्याचा आजार नव्हता.

बोर्डाला कडेला ५६ टोकांची पट्टी असते, एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २८. तिला जॅमा म्हणतात. वीज, आवाज, चित्र, बटणं, कॉइन, सगळं तिथूनच. मी जुन्या मशिनचा पॉवर सप्लाय मिळवला, चित्र एलसीडीवर यावं म्हणून कन्व्हर्टर लावला आणि स्विच दाबला. स्क्रीन काळी.

मग मी तेच केलं जे ऑफिसमध्ये ज्युनियरने केलं तर ओरडतो. अंदाज. दोन रात्री व्हिडिओ बघितले आणि ठरवून टाकलं, रॉम खराब झाल्या. सगळ्या चिपा उपटल्या, प्रोग्रामरवर वाचल्या, चेकसम ताडून बघितले. सगळे जुळले. रॉम ठणठणीत! दोन रात्री पाण्यात.

शुक्रवारी मामा आले, चहा घेत माझा पसारा बघत बसले. मग हळूच म्हणाले, "पाच व्होल्ट बघितलेस का रे?"

मी म्हटलं, "सप्लायला ५.० येतात, मामा."

"सप्लायला नाही. बोर्डावर. चिपेच्या पायावर."

मीटर लावला. ४.५५. या ७४एलएस जातीच्या चिपांना किमान ४.७५ लागतात. अर्धा व्होल्ट वाटेत, काळ्या पडलेल्या पट्टीत आणि बारीक वायरीत जिरत होता. पार्लर चालवणाऱ्या माणसाला हे पाठ होतं, मी मात्र एकदाही विचारलं नव्हतं. पट्टी खोडरबराने घासली, वायरी जाड केल्या, सप्लायचा स्क्रू जरासा फिरवला. बोर्डावर ५.०५. आणि चित्र आलं!

आलं, पण जखमी. पात्रांवर आणि मागच्या चित्रावर दर आठ पिक्सेलनंतर एक चुकीच्या रंगाची उभी रेघ. इथे मात्र इंजिनियरिंग कामाला आलं. चित्राच्या रॉममधून येणाऱ्या एका बाइटमध्ये आठ बिट, आठ पिक्सेलांसाठी. दर आठातला एकच बिघडतोय, म्हणजे त्या बाइटचा एकच बिट मेलाय. रॉम तपासून झाल्या होत्या (त्या दोन रात्री अगदीच वाया गेल्या नाहीत म्हणायच्या), म्हणजे दोष त्यांच्या पुढच्या वाटेवर. लॉजिक प्रोब घेऊन एकेक चिप बघत गेलो. एका ७४एलएस२४५ ला आत जाणारा सिग्नल लुकलुकत होता आणि बाहेर येणारा पाय कायमचा शून्यावर.

शनिवारी लॅमिंग्टन रोड. चिप वडापावच्या किमतीत मिळाली. आधी जुन्या चिपेचे पाय कापून घ्यायचे, मग एकेक पाय सोल्डर तापवून काढायचा. सगळे पाय एकदम उपटायला जाऊ नका. मी एकाच पायाला घाई केली आणि खालचा तांब्याचा ट्रॅक उखडला. पोटात गोळा आला राव. हा बोर्ड गेला तर दुसरा कुठून आणणार? माझा हात थरथरत होता, म्हणून मामांनी चष्मा चढवला आणि केसाएवढी वायर त्यांनीच जोडली.

रात्री साडेअकराला गेम चालू झाला. रेघा गायब. कॉइनच्या वायरीला ग्राउंड टेकवून मी क्रेडिट दिलं. मामांनी मुस्तफा घेतला आणि दुसऱ्या स्टेजला मेले.

"बोर्ड ठीक आहे," ते म्हणाले. "जॉयस्टिकचे स्विच थर्ड क्लास आणलेस."

रविवारी भंगारवाला आला. मामींनी त्याला रद्दी दिली आणि जुना कूलर.